शरीररचनाशास्त्र विभागातली माझी वर्षे

वैद्यकीय महाविद्यालयाचे नियुक्तीपत्र हातात पडले तेव्हा मी आधी वेतनश्रेणी वाचली, मग पद आणि सगळ्यात शेवटी विभाग. पद होते प्रयोगशाळा परिचर, गट ड, विभाग शरीररचनाशास्त्र. मराठी विषय घेऊन बी.ए. झालेले असल्यामुळे त्या लांबलचक शब्दाची फोड करणे मला कठीण नव्हते, परंतु त्या फोडीतून डोळ्यांपुढे उभे राहिले ते शाळेच्या प्रयोगशाळेतले कपाट, त्यातला तारेने बांधलेला सांगाडा आणि भिंतीवरचे तक्ते. आस्थापना शाखेतल्या लिपिकाने रुजू अहवालावर सही घेताना "चालेल ना ताई तुम्हाला?" असे विचारले, तेव्हा ते कामाच्या वेळेबद्दल विचारत असावेत असे समजून मी हो म्हटले.

ही नोकरी मला अनुकंपा तत्त्वावर मिळाली होती. माझे पती नागपुरातल्याच एका रुग्णालयात कक्षसेवक होते आणि २०१३ च्या मे महिन्यात, कामावर असतानाच, हृदयविकाराच्या झटक्याने गेले. तो मे महिना नागपूरकरांच्या लक्षात आहे. २३ तारखेला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हात देह ठेवता येत नाही म्हणून सगळे घाईघाईने उरकले गेले. आम्ही बायका आतल्या खोलीत बसून होतो, आंघोळ पुरुषांनी अंगणात घातली, चेहरा दाखवायला मला बाहेर आणले आणि पायांवर डोके टेकून होते न होते तोच मागून कुणीतरी दंडाला धरून उठवले. आमच्याकडे बायका घाटावर जात नाहीत. घाटावरून परतल्यावर मोठे दीर ओसरीवर मामेसासऱ्यांना हळू आवाजात सांगत होते, "पाठ पूर्ण काळीनिळी पडली होती." ते वाक्य माझ्या कानावर पडले आणि पुढची पाच वर्षे ते तिथेच राहिले. हे जिन्यावरून पडले असतील का, कुणाशी वाद होऊन कुणी मारले असेल का, तासभर कुठेतरी एकटेच तळमळत पडून राहिले असतील का, असे नाना तर्क मी रात्री करत असे. विचारायचे कुणाला आणि विचारून मिळणार काय, म्हणून गप्प राहत असे.

अर्ज, प्रतीक्षायादी आणि फायली यांत साडेपाच वर्षे गेली. नोव्हेंबर २०१८ मध्ये मी रुजू झाले. विभागाच्या दारातच देह टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनचा वास नाकात शिरला आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागले. तिथले सर्वांत जुने परिचर, ज्यांना डॉक्टरांपासून सफाई कामगारांपर्यंत सगळे काकाजी म्हणत, त्यांनी मला खिडकीजवळच्या स्टुलावर बसवले आणि म्हणाले, "रडू द्या डोळ्यायले. आठ दिवसांत ते थांबतात, मग नाकाले वासच येत नाही." त्यांचे म्हणणे निम्मे खरे ठरले. वास यायचा थांबला, डोळे मात्र अजूनही चुरचुरतात.

पहिले पंधरा दिवस काकाजींनी मला डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे विद्यार्थी देह उघडून शिकतात त्या दालनात, पाऊलही टाकू दिले नाही. त्यांनी माझ्यापुढे हाडांच्या पेट्या ठेवल्या. विद्यार्थी अभ्यासाला नेतात आणि परत करताना डावे-उजवे एकत्र करून टाकतात, ते वेगळे करण्याचे काम होते. माणसाच्या अंगातल्या २०६ हाडांपैकी ५४ केवळ हातांच्या दोन पंजांत, मनगटांसह, असतात हे मला तिथे कळले. मनगटातल्या आठ हाडांपैकी एक वाटाण्याएवढे असते आणि तेच नेमके हरवते. तांदूळ निवडावेत तशी ती हाडे निवडताना दोन-तीन दिवसांतच माझ्या बोटांतले बिचकणे गेले. काकाजींनी मला मुद्दाम या वाटेने आत आणले होते हे पुढे लक्षात आले, तेव्हा त्यांच्याविषयीचा आदर दुणावला. अलीकडे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी देह ठेवलेली टाकी दाखवून त्याची गंमत पाहणारे महाभाग असतात. मला तो प्रकार अजिबात आवडत नाही.

जानेवारीत एका सकाळी देहदानाचा फोन आला. ऐंशीच्या घरातल्या आजी होत्या, पहाटे घरीच वारल्या होत्या, नेत्रदान होऊन देह आमच्याकडे यायचा होता. बाईमाणूस आहे, आंघोळीला तुम्ही या, असे काकाजी म्हणाले. शववाहिका आली, नातेवाइकांनी हॉलबाहेरच्या मोकळ्या जागेत त्रिशरण-पंचशील म्हटले, कागदपत्रे तपासली गेली, अंगावरच्या वस्तू लिहून घेऊन परत केल्या गेल्या आणि दार लागल्यावर संगमरवरी टेबलावर त्या आजी, काकाजी आणि मी असे तिघेच उरलो.

त्यांच्या डाव्या हातावर गोंदण होते, तुळशीवृंदावनाचे, म्हातारपणाच्या सुरकुत्यांत विरघळलेले. आणि पायांच्या नखांना गुलाबी नेलपॉलिश होते, तेही वेडेवाकडे, नखाबाहेर कातडीवर आलेले. लहान पोरीने आजीला पाय पसरून बसवावे आणि जीभ बाहेर काढून रंगवावे, तसे. मी ते खरवडायला घेतले तर काकाजी म्हणाले, "राहू द्या ते. ते काही अडत नाही." मी साबण लावला, केस धुतले. देह थंड असतो हे ऐकून माहीत होते, पण तो इतका जड असतो हे माहीत नव्हते. जिवंत माणूस आजारी असला तरी उचलताना स्वतःचे थोडेसे वजन स्वतः सांभाळत असतो, आणि ते सांभाळणे थांबले म्हणजे काय होते हे हाताखालीच कळते. पाठ धुण्यासाठी आम्ही त्यांना कुशीवर वळवले, तेव्हा त्यांच्या तोंडून एक लांब हुंकार बाहेर पडला. मी हात सोडून मागे सरकले. काकाजींनी एकट्याने तोल सावरला आणि शांतपणे सांगितले की छातीत राहिलेली हवा वळवताना बाहेर येते, दुसरे काही नाही.

मग मी पाठ पाहिली. खांद्यांपासून कमरेपर्यंत जांभळी, मध्ये मध्ये काळसर. फक्त खांद्यांची पाती आणि कुल्ले जिथे बिछान्याला टेकले होते, तिथे कातडी पांढरी होती.

"यांना मारलं का कुणी?" माझ्या तोंडून निघाले.

"मारते कोण? रक्त आहे ते," काकाजी म्हणाले. "हृदय थांबलं का रक्ताले वर नेणारं कोणी राहत नाही. पाणी जसं उताराले जाते तसं ते खाली जाते. उताणं निजलेलं माणूस, म्हणून पाठीत उतरलं. पालथं असतं तर तोंडावर उतरलं असतं." त्यांनी अंगठ्याने एका जांभळ्या जागी दाब दिला. अंगठा उचलल्यावर तिथे पांढरा ठसा उमटला आणि हळूहळू पुन्हा जांभळा झाला. पहिले काही तास असे होते, मग रंग पक्का बसतो आणि दाबूनही हलत नाही, असे त्यांनी सांगितले. "सगळ्यायचंच होते. तुमचं होईल, माहं होईल."

मी आंघोळ पूर्ण केली, अंग पुसले आणि मग मागच्या नळावर जाऊन बराच वेळ बसले. काकाजींना वाटले की पहिला देह आहे म्हणून मी घाबरले. त्यांचा तो समज मी कधीच दूर केला नाही. त्या संध्याकाळी सासूबाई तूर निवडत बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी बसून मी त्यांना रक्ताचे सगळे सांगितले, अंगठ्याच्या ठशासकट. त्यांचा हात सुपातच थांबला. "मंग पोरगा पडला नव्हता माहा?" त्यांनी विचारले. ओसरीवरचे ते वाक्य त्यांनीही ऐकले होते आणि माझ्यासारखेच पाच वर्षे एकटीने वागवले होते, एकाच छताखाली, एकमेकींना न सांगता.

एम्बामिंगची, म्हणजे देह टिकवण्याची, क्रिया मी पुढच्या वर्षभरात शिकले. ती सांगणे मला आवश्यक वाटते, कारण लोकांच्या मनात तिच्याविषयी चित्रविचित्र कल्पना असतात. पोट फाडत नाहीत, अवयव काढत नाहीत. मांडीच्या वरच्या भागात आतल्या बाजूला डॉक्टर लहानशी चीर देतात, तिथली मोठी रोहिणी, म्हणजे धमनी, शोधून तीत नळी बसवतात आणि उंचावर टांगलेल्या भांड्यातून किंवा पंपाने द्रावण आत सोडतात. आमच्याकडे एका देहाला साधारण दहा लिटर लागते. त्यात फॉर्मॅलिन असते ते कुजणे थांबवण्यासाठी, ग्लिसरीन असते ते अंग लाकडासारखे वाळू नये म्हणून, फिनॉल बुरशीसाठी, स्पिरिट, पाणी आणि थोडासा तांबडा रंग. ताठरपणा आलेला असेल तर आधी सांधे हलक्या हाताने वाकवून मोकळे करावे लागतात. हा ताठरपणा पापण्यांपासून सुरू होतो, मग जबडा, मान, हात आणि शेवटी पाय, आणि ज्या क्रमाने येतो त्याच क्रमाने सुटतो. द्रावण आत जाऊ लागले की आम्ही तळवे, पोटऱ्या, हात चोळत राहतो. चोळता चोळता सुकलेली बोटे हळूहळू भरू लागतात. आजारपणात खंगलेल्या माणसाचा हात अर्ध्या तासात पुन्हा हातासारखा दिसू लागतो, आणि हे मी कितीही वेळा पाहिले असले तरी त्या क्षणी माझे बोलणे आपोआप थांबते. जिथे द्रावण पोहोचले नाही तिथे सुईने टोचतात. त्यानंतर देह फॉर्मॅलिनच्या टाकीत जातो आणि काही महिन्यांनंतर टेबलावर येतो.

उन्हाळ्यात मात्र हे सगळे घड्याळाशी भांडून करावे लागते. नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यांत घरात ठेवलेल्या देहाच्या पोटाच्या उजव्या बाजूला, खालच्या अंगाला, हिरवट छटा फार लवकर दिसू लागते. ती दिसली की काकाजी मान हलवत. परगावचा मुलगा येईपर्यंत थांबलेली कुटुंबे कळकळीने देह घेऊन येतात आणि नकार ऐकून खचतात. म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकाला मी दोन गोष्टी सांगते. अर्ज भरून ठेवला म्हणजे देहदान झाले असे नाही. मृत्यूनंतर प्रत्यक्षात वारसच निर्णय घेतात, तेव्हा घरात आधी बोलून ठेवावे. आणि नैसर्गिक मृत्यूचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र हाती असले पाहिजे. अपघात, आत्महत्या, विषबाधा अशा पोलीस प्रकरणातला देह, किंवा काही संसर्गजन्य आजार असलेला देह आम्हाला घेता येत नाही. नेत्रदान सहा तासांच्या आत होते आणि त्यानंतरही देहदान करता येते. वर्तमानपत्रात छायाचित्र यावे म्हणून हार-तुऱ्यांसह छायाचित्रकार घेऊन येणारी मंडळीही पाहिली आहेत. त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही, देह तर त्यांच्याही घरातला तितकाच उपयोगी पडतो.

सगळेच देह दान केलेले नसतात. १९४९ च्या शरीररचना अधिनियमानुसार बेवारस देहही पोलिसांच्या कागदपत्रांसह महाविद्यालयांकडे येतात. त्यांच्यासाठी कुणी पंचशील म्हणत नाही, की गीतेचा पंधरावा अध्याय म्हणत नाही. पहिल्यांदा असा देह आला तेव्हा मी पाण्याची नळी लावून काम उरकू पाहत होते. काकाजींनी नळी बंद केली, साबणाची वडी माझ्या हातात दिली आणि ते बाहेर जाऊन बसले. एवढेच. ते चिडलेले मी त्याआधी पाहिले नव्हते आणि त्यानंतरही पाहिले नाही.

सगळ्याची सवय झाली असे म्हणणे खोटे ठरेल. वरच्या मजल्यावरच्या संग्रहालयात बरण्यांमध्ये गर्भ ठेवलेले आहेत, महिन्यांच्या क्रमाने. त्या कपाटाच्या काचा मी आजही शेजारच्या भिंतीकडे पाहत पुसते. पहिली दोन वर्षे मला मटण खाता आले नाही, कारण फॉर्मॅलिनमध्ये राहिलेला स्नायू शिजलेल्या मांसासारखाच धाग्याधाग्याने सुटतो. सावजीच्या रश्श्यावर जीव असलेल्या माझ्या मुलीला त्याचा फार राग येई. शेजारच्या दोघी-तिघींनी माझ्या हातचा चहा घेणे बंद केले. सासूबाईंनी तर पहिल्याच आठवड्यापासून दाराबाहेर कडुनिंबाचा पाला टाकलेली पाण्याची बादली ठेवायला सुरुवात केली; हातपाय धुतल्याखेरीज उंबरठा ओलांडायचा नाही. मी वाद घातला नाही. दिवसभर फॉर्मॅलिनमध्ये वावरल्यावर त्या पाण्याने खरोखरच बरे वाटत असे.

२०१९ च्या ऑक्टोबरात त्या आजी टेबलावर आल्या. नवी तुकडी होती, मुलांनी रांगेत उभे राहून शपथ घेतली होती की या देहाचा आदर राखू. नेहमीप्रमाणे सर्वांत मोठ्याने बोलणारा एक मुलगा पहिल्या दहा मिनिटांत चक्कर येऊन पडला आणि काकाजींनी खिशातला पार्ले-जीचा पुडा काढला. पायांवरचे ओले कापड बाजूला केल्यावर गुलाबी नखे दिसली, कारण फॉर्मॅलिनने तो रंग गेला नव्हता. टेबलाभोवतीची दहा मुले गप्प झाली. मग त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली की पायाकडून सुरुवात नको, आधी हात करू. सरांनी ते मान्य केले. अभ्यासक्रमात तसे कुठे लिहिलेले नसावे.

मार्च २०२० मध्ये वर्ग बंद झाले आणि देहदान स्वीकारणेही थांबले. एप्रिल २०२१ मध्ये, घाटांवर रांगा लागल्या होत्या त्या दिवसांत, मला शवागारात पाठवले गेले. काम होते पिशव्यांवर नावे आणि क्रमांक लिहिण्याचे. त्या दिवसांविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु मला एकच गोष्ट सांगायची आहे. भीती वाटायची ती आजाराची; मृतांची वाटत नव्हती. टोचत होते ते हे की कुणालाही आंघोळ न घालता चेन ओढावी लागत होती. माझे हात रिकामे राहत.

डिसेक्शन संपल्यावर जे उरते ते टेबलानुसार वेगळे ठेवलेले असते. एका देहाचे दुसऱ्यात मिसळू द्यायचे नाही, हा आमच्याकडचा पक्का नियम आहे. टाळेबंदीमुळे रखडलेले अवशेष जुलै २०२१ मध्ये दहनासाठी न्यायचे ठरले. काकाजी त्या वर्षअखेर निवृत्त होणार होते, म्हणून त्यांनी मला सोबत घेतले. गाडी मोक्षधाम घाटाकडे वळली, तेव्हा मी त्यांना सांगितले की मी आयुष्यात कधी घाट पाहिलेला नाही. ते काही बोलले नाहीत, फक्त उतरताना पुढे न चालता माझ्या बरोबरीने चालले.

घाटाविषयी मी मनात काय काय रंगवून ठेवले होते! प्रत्यक्षात तिथे सिमेंटचे ओटे होते, वर पत्रे होते, एका कोपऱ्यात लाकडे तोलण्याचा काटा होता, आणि एक माणूस बाकावर डबा उघडून जेवत होता. नोंद करणाऱ्या माणसाने "बाईले काहून आणलं?" असे काकाजींना विचारले आणि उत्तराची वाट न पाहता वही माझ्याकडेच सरकवली. नाव, वय, तारीख हे मी आमच्या नोंदवहीतून उतरवले. नात्याच्या रकान्याशी येऊन मी थांबले. "विभाग लिहा," काकाजी म्हणाले. मी विभाग लिहून सही केली. त्या आजींचे कापडात बांधलेले गाठोडे मीच ओट्यावर ठेवले, टेबल क्रमांकाची चिठ्ठी काढून घेतली, गोवऱ्या रचायला हात लावला. पाऊस भुरभुरत होता, लाकूड ओले होते, बराच वेळ नुसता धूर होत राहिला. मी डोळे पुसत उभी राहिले आणि काकाजी म्हणाले, "हे फॉर्मॅलिन नोहे, धूर आहे." मग ज्वाळा धरल्या. माझ्या पतींना मानेवाडा घाटावर नेले होते; तिथेही असेच ओटे असतील, असाच काटा असेल, कुणी डबा खात बसले असेल. परतताना गाडीत मला झोप लागली.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी नेहमीप्रमाणे बादली बाहेर आणून ठेवली. गेली दोनेक वर्षे त्या मी पाय धुताना उंबरठ्याच्या आत बसून विचारत, "आज कोण होतं वं?" आणि मी नाव न सांगता वय, गाव, बाई की पुरुष एवढे सांगत असे. त्या दिवशी मी घाटाचेही सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले, माझ्या पदराला लागलेली राख हाताने झटकली आणि म्हणाल्या, "मले टाकीत नोको ठेवू. पण माही आंघोळ तूच घालजो."

मी म्हटले, मोठ्या भाऊजींना ते चालणार नाही.

"त्याले मी सांगून ठेवतो. आन् पाणी कोमट घेजो," त्या म्हणाल्या, "थंड पाणी मले सोसत नाही."